थंड मेघातून तारा: वायू कोसळतो कसा आणि बहुतेक वायू कोसळत का नाही

विचारलेलं थोडक्यात असं: रेणवीय मेघात तारा नेमका कसा तयार होतो, ‘मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं कोसळतो’ हे पुस्तकातलं वाक्य पुरेसं आहे का, आणि पुण्यात राहून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यातलं काय मोजता येईल?

वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. किती अपुरं, ते एका भागाकारात कळतं. आपल्या आकाशगंगेत रेणवीय हायड्रोजन सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. घनसेंटिमीटरला १०० कण अशी सरासरी घनता धरली आणि कुठलाही अडथळा नसेल, तर असा वायू सुमारे ३४ लाख वर्षांत कोसळायला हवा. म्हणजे दरवर्षी ३०० सूर्य तयार व्हायला हवेत. प्रत्यक्षात वर्षाला जेमतेम दोन सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत जातं. शंभर पटींहून जास्त तफावत! त्यामुळे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा खरा प्रश्न उलटा असतो: गुरुत्वाकर्षण आहे, वायू आहे, थंडी आहे, तरी बहुतेक वायूचा तारा का होत नाही? पुढचं सगळं याच प्रश्नाच्या अंगानं लिहिलं आहे.

आधी मेघ म्हणजे काय ते. मोठ्या रेणवीय मेघाचं वस्तुमान दहा हजार ते काही लाख सूर्यांइतकं, आकार काही दशक पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), तापमान १० ते २० केल्व्हिन. सरासरी घनता घनसेंटिमीटरला शंभर ते हजार रेणू. समुद्रसपाटीच्या हवेत हाच आकडा अडीचवर एकोणीस शून्यं इतका असतो, म्हणजे ‘दाट मेघ’ हा शब्द सापेक्ष आहे. पण मेघ एकसारखा नसतो. त्यात गुठळ्या असतात, गुठळ्यांत ०.१ पार्सेकच्या आसपासचे गाभे असतात, आणि गाभ्यात घनता दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत चढते. तारे तयार होतात ते या गाभ्यांत. बाकी मेघ त्यांच्याभोवतीची वस्ती.

हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या वायूत एकमेकांना धडकून सहजी रेणू होत नाहीत, कारण जोडणीत सुटलेली ऊर्जा बाहेर टाकायला त्यांना जागा मिळत नाही. ती जागा धुळीचा कण देतो. दोन्ही अणू त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, सरकत जवळ येतात, रेणू होऊन सुटतात. धुळीचं वस्तुमान वायूच्या शंभराव्या भागाइतकंच, पण तिच्यावाचून हा उद्योग चालत नाही. शिवाय तीच धूळ बाहेरच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश अडवते. आत ऊब पोचवणारे उरतात ते मुख्यतः वैश्विक किरण, आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू ती ऊर्जा रेडिओ लहरींतून बाहेर टाकत राहतात. या जमाखर्चाचा तोल साधारण १० केल्व्हिनवर बसतो.

आता पंचाईत अशी की मेघाचा जवळजवळ सगळा ऐवज, म्हणजे हायड्रोजन रेणू, दिसतच नाही. हा रेणू सममित असतो, त्याला स्थायी विद्युत द्विध्रुव नसतो. त्याची सगळ्यात सोपी परिवलन रेषा (रेणूचं फिरणं बदलताना सुटणारी ठराविक लांबीची लहर) २८ मायक्रॉनवर आहे आणि ती उठवायला सुमारे ५०० केल्व्हिनची ऊर्जा लागते. १० केल्व्हिनच्या वायूत ती कुठून येणार? म्हणून दहा हजारांत एक असलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर भिस्त. त्याची पहिली रेषा ११५.२७ गिगाहर्ट्झला, म्हणजे २.६ मिलिमीटर तरंगलांबीला आहे. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी ती १९७० मध्ये मृगातल्या तेजोमेघाकडे पाहताना पकडली आणि तिथून हा विषय खऱ्या अर्थानं सुरू झाला.

पण इथेच घोडं पेंड खातं. साध्या कार्बन मोनॉक्साइडची रेषा बहुतेक मेघांत अपारदर्शक असते. खंडाळ्याच्या घाटात दाट धुकं असलं की धुक्याची अलीकडची भिंत तेवढी दिसते, पलीकडे दरी किती खोल आहे ते कळत नाही. इथेही तसंच, मेघाच्या बाहेरच्या थराचं तापमान मिळतं, आतला माल मोजता येत नाही. त्यासाठी दुर्मीळ समस्थानिकांकडे वळावं लागतं: कार्बन-१३ चा मोनॉक्साइड ११०.२० गिगाहर्ट्झला, ऑक्सिजन-१८ चा १०९.७८ ला. आणखी आत, घनता लाखाच्या घरात गेली की वेगळाच घोटाळा होतो. तिथल्या थंडीत कार्बन मोनॉक्साइड धुळीवर गोठून बसतो आणि वायूतून गायब होतो. नकाशात गाभ्याच्या ऐन मध्याशी खड्डा दिसतो. तो खड्डा म्हणजे वायू नाही असं नव्हे. तिथेच वायू सर्वांत दाट असतो. बार्नार्ड ६८ या काळ्या गोलकात हे फार स्वच्छ दिसतं. अशा ठिकाणी अमोनिया (२३.६९ गिगाहर्ट्झ) किंवा डायझेनिलियम आयन (९३.१७ गिगाहर्ट्झ) वापरतात, हे बऱ्याच आतपर्यंत टिकून राहतात. अमोनियाचा जादा फायदा म्हणजे त्याच्या शेजारशेजारच्या रेषांच्या गुणोत्तरातून तापमान थेट मिळतं.

कोसळण्याची अट जेम्स जीन्सनं १९०२ मध्ये मांडली. गुरुत्वाकर्षण आत ओढतं, वायूचा उष्णतेचा दाब बाहेर ढकलतो. ठराविक तापमानाला आणि घनतेला एका वस्तुमानापलीकडे दाब हरतो. हे वस्तुमान तापमानाच्या दीड घातानं वाढतं आणि घनतेच्या वर्गमुळानं घटतं. आकडे घालून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. अणुरूप हायड्रोजनचा साधा ढग घ्या, १०० केल्व्हिन आणि घनसेंटिमीटरला ३० अणू: जीन्स वस्तुमान सुमारे दहा हजार सूर्य. रेणवीय गाभा घ्या, १० केल्व्हिन आणि दहा हजार कण: पाच सूर्य. घनता दहा लाख करा: अर्धा सूर्य. म्हणजे सूर्यासारखा तारा हवा असेल तर थंडी आणि दाटी दोन्ही लागतात आणि त्या रेणवीय मेघातच एकत्र मिळतात. सूत्रातल्या स्थिरांकावरून पुस्तकापुस्तकांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो, त्याची फार काळजी करू नका; घातांक महत्त्वाचे.

मेघ कोसळताना घनता वाढते पण तापमान १० केल्व्हिनलाच राहतं, कारण उष्णता मोकळेपणानं बाहेर पडते. त्यामुळे जीन्स वस्तुमान घटत जातं आणि एकाच मेघाचे अनेक तुकडे पडतात. हे तुकडे पडणं कुठे थांबतं? वायू स्वतःच्या उष्णतेला अपारदर्शक होतो तिथे. ते पुढे येईलच.

आधी अडथळे. पहिला अडथळा टर्ब्युलन्सचा, म्हणजे वायूतल्या खळबळीचा. १० केल्व्हिनला या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला फक्त ०.१९ किलोमीटर असतो. रेषांची रुंदी, म्हणजे वायूतल्या वेगांचा विस्तार, मात्र मोठ्या मेघांत काही किलोमीटर प्रतिसेकंद निघते, म्हणजे आतली हालचाल ध्वनीच्या दसपट वेगानं चाललेली. रिचर्ड लार्सननं १९८१ मध्ये दाखवलं की ही खळबळ आकाराबरोबर वाढते: १० पार्सेकच्या मेघात साधारण अडीच किलोमीटर, आणि ०.१ पार्सेकपर्यंत खाली आलात की ती ध्वनीच्या वेगाच्या आसपास उतरते. गाभे याच आकाराचे असावेत हा योगायोग नाही. खळबळ दुहेरी काम करते. पूर्ण मेघाला ती आधार देते, पण तिचेच धक्के वायू दाबून तंतू आणि गुठळ्या तयार करतात. हर्शेल या अवकाश दुर्बिणीनं २००९ ते २०१३ या काळात घेतलेल्या अवरक्त चित्रांत जवळपासचे सगळे मेघ असेच तंतूंनी विणलेले दिसतात आणि बहुतेक गाभे याच तंतूंवर बसलेले सापडतात. तंतूंची जाडी सगळीकडे ०.१ पार्सेकच असते असा दावा झाला. त्यावर अजून वाद आहे, आणि दुर्बिणीच्या विभेदनक्षमतेचा परिणाम त्यात किती ते तपासल्याशिवाय तो आकडा प्रकल्पात गृहीत धरू नये.

खळबळीची कटकट अशी की ती टिकत नाही. इथे एक सोपा ठोकताळा कामी येतो: सेकंदाला १ किलोमीटर वेगानं १ पार्सेक पार करायला १० लाख वर्षं लागतात. १० पार्सेकचा मेघ अडीच किलोमीटर वेगानं ४० लाख वर्षांत ओलांडला जातो, आणि संगणकीय प्रारूपांनुसार तेवढ्याच काळात खळबळ विरते, चुंबकीय क्षेत्र असलं तरी. मग तिला सतत कोण ढवळतं? ताऱ्यांचे झोत, अतिनवताऱ्यांचे धक्के, आकाशगंगेतून मेघावर पडत राहणारा वायू आणि खुद्द कोसळण्यातून मिळणारी ऊर्जा, सगळ्यांची नावं पुढे येतात. कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही.

दुसरा अडथळा चुंबकीय क्षेत्राचा. ते काही दशक मायक्रोगॉस असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा हजारांश. पण इतक्या विरळ वायूत तेवढंही पुरतं. वायूतला एक कोटीत एखादाच कण विद्युतभारित असतो, तरी तो बाकीच्यांना धडकून क्षेत्राशी जखडून ठेवतो. क्षेत्ररेषांच्या दिशेनं वायू सरकू शकतो, आडवा सरकायला त्याला जड जातं. म्हणून मेघ चपटे होतात. काळानुसार तटस्थ कण भारित कणांमधून निसटत आत जातात आणि क्षेत्र मागे राहतं. एके काळी असं वाटत होतं की ताऱ्यांच्या संथ जन्माचं सगळं उत्तर यातच आहे. झीमान परिणामानं (चुंबकीय क्षेत्रात रेषा फुटते, त्यावरून) केलेल्या मोजमापांनी ती खात्री डळमळीत केली: बऱ्याच दाट गाभ्यांत क्षेत्र गुरुत्वाला थोपवण्याइतकं बळकट निघत नाही. आज बहुतेकांचं मत, आणि माझंही, असं की चुंबकीय क्षेत्र एकट्यानं कोसळणं थांबवत नाही, पण त्याला हिशोबातून वगळलं तर नव्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्यांचे आकार आणि झोत दोन्ही चुकतात.

तिसरा अडथळा ताऱ्यांचाच. आठ सूर्यांहून जड तारे जन्मले की त्यांचा अतिनील प्रकाश भोवतीचा वायू आयनीभूत करून दहा हजार केल्व्हिनला नेतो. त्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर असतो आणि मेघाचा मुक्तिवेग बहुधा त्याहून कमी. वायू फुगून निघून जातो. म्हणून मोठे मेघ साधारण एक ते तीन कोटी वर्षांत विस्कटतात आणि तोवर त्यांतला काही टक्केच वायू ताऱ्यांत गेलेला असतो. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ हे याचं घरगुती उदाहरण. दुर्बिणीतून दिसणारी चमक म्हणजे ट्रॅपेझियम या जड ताऱ्यांच्या गटानं मेघाच्या पुढच्या अंगाला पाडलेलं भगदाड. दाट रेणवीय मेघ त्याच्या मागे, साधारण १,३०० प्रकाशवर्षांवर, अजून शाबूत आहे आणि तिथे नवे तारे तयार होत आहेत.

एवढं सगळं पार करून एखादा गाभा गुरुत्वाच्या ताब्यात गेला की पुढचा प्रवास बराच ठरलेला आहे. दहा हजार कणांच्या घनतेला मुक्तपतनाचा काळ साडेतीन लाख वर्षांच्या आत येतो. मध्यभाग आधी आणि वेगानं कोसळतो, बाहेरचा नंतर. मध्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे दहा अब्ज ते शंभर अब्ज रेणूंपर्यंत पोचली की तो भाग अपारदर्शक होतो, उष्णता अडकते, दाब वाढतो आणि कोसळणं तात्पुरतं थांबतं. याला पहिला गाभा म्हणतात. आकार काही खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), आयुष्य हजारभर वर्षांच्या घरात. इतकं अल्पायुषी असल्यानं तो निर्विवाद सापडलेला नाही, संशयित मात्र बरेच आहेत. त्याचं तापमान २,००० केल्व्हिनला गेलं की हायड्रोजनचे रेणू तुटू लागतात. दर रेणूमागे साडेचार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा त्यात खर्च होते, म्हणजे जी ऊर्जा दाब वाढवण्यात जायची ती तुटण्यात जाते. आधार सुटतो आणि दुसऱ्यांदा कोसळणं होतं, या वेळी थेट ताऱ्याच्या घनतेपर्यंत. आत उरतो तो प्रोटोस्टार: सुरुवातीला सूर्याच्या शतांशाहूनही कमी वस्तुमानाचा, भोवतालचा वायू ओढत वाढणारा.

वायू सरळ त्याच्यावर पडत नाही. गाभा अगदी मंद फिरत असतो, पण ०.१ पार्सेकवरून ताऱ्याच्या आकारापर्यंत येताना तो चाळीस लाख पटींहून जास्त आक्रसतो. कोनीय संवेग जसाच्या तसा राहिला तर तारा होण्याआधीच फाटेल. त्यामुळे वायू चकतीत बसतो, तिथे संवेग बाहेर सरकतो, वस्तुमान आत. काही संवेग ध्रुवांकडून सुटणाऱ्या झोतांतून निघून जातो. हे झोत सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटर वेगानं मेघात घुसतात आणि जिथे आदळतात तिथे हर्बिग-हारो नावाचे चमकते ठिपके दिसतात. वृषभ राशीतल्या एचएल टॉरी या ताऱ्याची आल्मा दुर्बिणीनं २०१४ मध्ये टिपलेली चकती पाहिलीत तर तिच्यात एकामागून एक वर्तुळाकार पोकळ्या दिसतात. तारा जेमतेम दहा लाख वर्षांचा आहे आणि ग्रह घडण्याची तयारी तेव्हाच सुरू झालेली दिसते.

इथे एक जुनं कोडं आहे, ते पुस्तकं बहुधा गाळतात. १० केल्व्हिनच्या गाभ्यातून वायू पडण्याचा दर ध्वनीच्या वेगाच्या घनाला गुरुत्वस्थिरांकानं भागून मिळतो: दहा लाख वर्षांत सुमारे १.६ सूर्य. हा वायू अर्ध्या सूर्याच्या वस्तुमानाच्या आणि तीन सूर्यत्रिज्यांच्या प्रोटोस्टारवर आदळला तर तेज सूर्याच्या आठपट निघायला हवं. पाहिलेल्या प्रोटोस्टारांचं तेज बहुतेक वेळा एक-दोन सूर्यांइतकंच भरतं. सर्वमान्य होत चाललेलं उत्तर असं की वायू एकसारखा न पडता हप्त्याहप्त्यानं पडतो: चकतीत साठतो आणि मग एकदम कोसळतो. एफयू ओरायनिस हा तारा १९३६ मध्ये अचानक सुमारे सहा प्रतींनी, म्हणजे अडीचशे पटींच्या आसपास उजळला, तो अशाच उद्रेकाचा नमुना.

टप्प्यांची नावं वर्ग ०, १, २, ३ अशी आहेत आणि ती अवरक्त वर्णपटाच्या आकारावरून ठरतात. वर्ग ० मध्ये बहुतेक वस्तुमान अजून भोवतीच्या वायूच्या आवरणात असतं, हा काळ एक-दोन लाख वर्षांचा. वर्ग १ मध्ये तारा आवरणाहून जड झालेला असतो. वर्ग २ म्हणजे टी टॉरी तारे, आवरण गेलं, चकती उरली; निम्म्या ताऱ्यांच्या चकत्या वीस-तीस लाख वर्षांत संपतात. वर्ग ३ ला चकती जवळपास नाही. एक सावधगिरी: वर्ग हे वय नव्हे. वर्ग २ चा तारा चकतीच्या कडेच्या बाजूनं दिसत असेल तर तो धुळीमुळे वर्ग १ सारखा भासतो.

या सगळ्या काळात हायड्रोजन जळत नसतो. दहा लाख केल्व्हिनला ड्यूटेरियम जळतं, थोडा वेळ. बाकी तेज आकुंचनातून येतं. ताऱ्याचा मध्यभाग एक कोटी केल्व्हिनच्या वर गेला की हायड्रोजनचं संमीलन स्थिरावतं. सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथवर यायला चार-पाच कोटी वर्षं लागतात. ०.०८ सूर्याहून हलक्याला ते जमतच नाही, तो तपकिरी बटू राहतो. ताऱ्यांची वस्तुमानं कशी वाटली जातात हा स्वतंत्र विषय आहे. इतकंच सांगतो की सॅलपीटरनं १९५५ मध्ये जड ताऱ्यांसाठी काढलेला २.३५ हा घातांक अजून टिकून आहे, आणि गाभ्यांच्या वस्तुमानांचा आलेखही त्याच आकाराचा, फक्त तीनेक पटींनी जड बाजूला सरकलेला मिळतो. गाभ्यातला दोन-तृतीयांश वायू झोतांनी उडवला असा त्याचा सरळ अर्थ लावतात. मला तो जरा जास्तच सरळ वाटतो, कारण एका गाभ्यातून अनेकदा दोन-तीन तारे निघतात.

आता पुण्याचं. खोडदचं जीएमआरटी (मीटर लहरींची महाकाय रेडिओ दुर्बीण) हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तिथे रेणवीय मेघ पाहू, असं बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात येतं. कार्बन मोनॉक्साइडसाठी ते जमणार नाही. ४५ मीटरच्या त्या ३० तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. २.६ मिलिमीटरची लहर आरपार निघून जाईल. शिवाय तिथली ग्राहक यंत्रणा सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच आहे. मिलिमीटर लहरींना हवेतली वाफही खाते, म्हणून आल्मा ५,००० मीटर उंचीवर चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात आहे. पण जीएमआरटी निरुपयोगी नाही. १,४२० मेगाहर्ट्झची अणुरूप हायड्रोजनची रेषा तिच्या कक्षेत येते, आणि थंड मेघाभोवतीचा अणुरूप हायड्रोजन मागच्या उजेडावर शोषणरेषा म्हणून दिसतो. जड ताऱ्यांनी आयनीभूत केलेले प्रदेश तर जीएमआरटीचं हक्काचं काम. त्यात एक खोच आहे: फार दाट आयनीभूत प्रदेश कमी वारंवारतेला अपारदर्शक होतो, त्यामुळे फक्त ६१० मेगाहर्ट्झच्या मोजणीवरून आतल्या ताऱ्याचा प्रकार काढलात तर तारा खरा असेल त्यापेक्षा हलका ठरतो. दोन-तीन वारंवारता घ्याव्यात. निरीक्षणाच्या वेळेसाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, आणि जुनी निरीक्षणं संग्रहात खुली असतात. प्रकल्पाला तीच पुरतात. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवलीतल्या २ मीटर दुर्बिणीवरून काळ्या गोलकांमागच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचं ध्रुवण मोजलं गेलं आहे. धुळीचे कण क्षेत्राला आडवे रांग धरतात, त्यामुळे ध्रुवणाची दिशा क्षेत्राची दिशा सांगते. अट एवढीच की तारा मेघाच्या मागेच आहे हे गाया उपग्रहाच्या अंतरांवरून आधी पक्कं करावं.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर संध्याकाळी अंधाऱ्या जागी, तोरणा-राजगडच्या पायथ्याशी किंवा जुन्नरपलीकडे, हंसापासून गरुडापर्यंत आकाशगंगेच्या मधोमध पडलेली काळी फट बघा. ते रेणवीय मेघ आहेत. ज्येष्ठाजवळचा मेघ मार्च-एप्रिलच्या पहाटे चांगला येतो. शहरातून फिल्टर लावून काळे मेघ टिपण्याचा खटाटोप करू नका: अरुंद पट्ट्याचा फिल्टर चमकणाऱ्या तेजोमेघाला उपयोगी, काळा मेघ मागच्या ताऱ्यांच्या साध्या उजेडावर दिसतो आणि शहराचा उजेड त्यालाच गिळतो.

प्रकल्पासाठी माझी सूचना वृषभ मेघाची. ४५० प्रकाशवर्षांवर, रोहिणी-कृत्तिकांच्या परिसरात. जड तारे नसल्यानं चित्र साफ. अमेरिकेतल्या एफसीआरएओ वेधशाळेच्या १४ मीटर दुर्बिणीनं साध्या आणि कार्बन-१३ च्या मोनॉक्साइडमध्ये केलेला त्याचा नकाशा आणि हर्शेलचा धुळीचा नकाशा, दोन्ही उपलब्ध आहेत. पायथनमधलं ॲस्ट्रोपाय आणि स्पेक्ट्रल-क्यूब पुरतं.

पहिलं काम एककं तपासणं. दिलेलं तापमान अँटेनाचं आहे की मुख्य झोताचं (बीमचं, म्हणजे दुर्बीण रोखलेल्या मधल्या भागाचं)? या दुर्बिणीची झोतक्षमता निम्म्याच्या आसपास होती. भागायचं राहिलं तर पुढचं सगळं निम्मं येतं. मग साध्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेच्या शिखरातून उद्दीपन तापमान काढा: शिखरात ०.८४ मिळवा, त्यानं ५.५३ ला भागा, उत्तरात १ मिळवून नैसर्गिक लॉगरिदम घ्या, आणि त्यानं ५.५३ ला भागा. शिखर ६.६ केल्व्हिन असेल तर उत्तर १० केल्व्हिन आलं पाहिजे; नाही आलं तर प्रोग्रॅम तपासा. हे तापमान आणि कार्बन-१३ ची रेषा यांतून त्या रेणूंची स्तंभघनता (नजरेच्या रेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे किती रेणू) मिळते, आणि एका रेणूमागे सुमारे सात लाख हायड्रोजन रेणू धरून एकूण वस्तुमान. प्रकाशित आकडा साधारण २४,००० सूर्य आहे. लाखावर गेलात तर अंतराचा वर्ग किंवा पिक्सेलचं क्षेत्रफळ दोनदा घेतलं आहे का पाहा.

रेषेची रुंदी काढताना दुसऱ्या क्रमाच्या मोमेंट नकाशावर (दर बिंदूच्या वेगविस्ताराच्या नकाशावर) डोळे झाकून विसंबू नका. गोंगाटाच्या तिपटीखालचे बिंदू न छाटता काढलेला नकाशा रुंदी फुगवतो, आणि एकाच दिशेत दोन मेघ वेगवेगळ्या वेगांनी जात असतील तर तो त्यांना जोडून खळबळ म्हणून दाखवतो. निवडक दहा-वीस ठिकाणचे वर्णपट प्रत्यक्ष काढून पाहा.

शेवटी गाभा गुरुत्वानं बांधलेला आहे की नाही, हे व्हिरियल गुणकावरून ठरतं: वेगविस्ताराचा वर्ग गुणिले त्रिज्या गुणिले पाच, भागिले गुरुत्वस्थिरांक आणि वस्तुमान. पार्सेक, किलोमीटर प्रतिसेकंद आणि सूर्यवस्तुमान वापरलंत तर स्थिरांक ०.००४३. समजा ऑक्सिजन-१८ च्या रेषेची अर्धशिखर रुंदी ०.६ किलोमीटर, त्रिज्या ०.१ पार्सेक, वस्तुमान ५ सूर्य. रुंदीला २.३५५ नं भागून सरळ आकडे घातले तर गुणक १.५ येतो. दोनच्या आत, म्हणजे गाभा बांधलेला. पण हा विस्तार हायड्रोजन अणूच्या ३० पट जड रेणूचा आहे. त्याची उष्णतेची हालचाल फक्त ०.०५ किलोमीटर, सरासरी कणाची ०.१९. पहिल्याचा वर्ग वजा करून दुसऱ्याचा मिळवला की गुणक २.३ होतो आणि निष्कर्षच फिरतो. ही दुरुस्ती विसरलेले प्रकल्प-अहवाल दुर्मीळ नाहीत. तशीच दुसरी गल्लत सरासरी रेणुभाराची: दाबासाठी दर कणामागे २.३३ घ्यायचा, स्तंभघनतेवरून वस्तुमान काढताना दर हायड्रोजन रेणूमागे २.८. अदलाबदल झाली की वीस टक्के गेले.

धुळीच्या वस्तुमानाशी तुलना कराल तेव्हा दोन्ही नकाशे आधी एकाच विभेदनावर आणा. गाभ्याच्या मध्याशी धूळ जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी दिसला तर तो गोठण्याचा परिणाम. कडेला उलट दिसलं तर आधी पार्श्वभूमी नीट वजा झाली आहे का ते बघा. आणि धुळीच्या अपारदर्शकतेचा गुणांकच दुपटीनं अनिश्चित असतो, त्यामुळे गुणक १.५ आहे की २.३ यावर छातीठोक विधान करण्याऐवजी तीस-चाळीस गाभे घेऊन त्यांची वाटणी दाखवा. परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देताना तेच उपयोगी पडतं.